धकातेजींचं स्टूल

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक परत करायला अर्धं मिनिट लागायचं. टेप परत करायला मात्र पाऊण तास लागायचा, कारण टेपा परत घ्यायचे ते धकातेजी, आणि प्रत्येक टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय धकातेजी रजिस्टरात सही करत नसत. तोवर आणणाऱ्यानं समोरच्या लाकडी स्टुलावर बसून राहायचं. विद्यार्थी असो की प्राध्यापक, स्टूल एकच. त्याचा एक पाय किंचित आखूड होता. बसणारा कंटाळून पेंगायला लागला की स्टूल डुलायचं आणि तो खडबडून जागा व्हायचा. हा पाय मुद्दाम घासून आखूड केलेला आहे, असं भूगर्भशास्त्राचे देशकर सर छातीठोकपणे सांगायचे.

सत्तरच्या दशकात कुठल्याशा अनुदानातून कॉलेजला सुटकेसएवढे दोन टेपरेकॉर्डर, एक रेकॉर्ड प्लेयर, स्लाइडचा प्रोजेक्टर आणि इंग्रजी उच्चारांच्या धड्यांची खोकीच्या खोकी मिळाली. ग्रंथपालांना ही धोंड गळ्यात नको होती. पुस्तक हरवलं तर कळतं, टेप बिघडली तर कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. धकातेजी तेव्हा कपाटात पुस्तकं लावायचं काम करत. ते पुढे झाले आणि म्हणाले, "मी पाहतो जी." तेव्हापासून जिन्याखालची खोली त्यांची झाली.

धकातेजी कोष्ट्याच्या घरचे. वडील हातमागावर लुगडी विणायचे. लुगडं तयार झालं की गांधीबागेतल्या शेठकडे न्यायचं, शेठ गादीवर ते सगळं उलगडायचा, वीतभरही जागा न सोडता तळहात फिरवायचा, आणि तोवर बापलेक समोर उकिडवे बसायचे. एक धागा सुटलेला निघाला की लुगडं परत. "पह्यला हात पाहून कोनी नाही सांगू शकत सर," धकातेजी म्हणायचे. "फसवते तो मधातला भाग." त्यांच्या मते टेप म्हणजे लुगडंच होतं, फक्त अरुंद.

नाक तर असं की विचारू नका. रेकॉर्ड पाकिटातून काढायची, कडेला दोन तळव्यांत धरायची, डोळे मिटून हुंगायची आणि निकाल द्यायचा. "वरनाचं बोट लागलं हाय." समोरचा नाही म्हणाला तर वाद घालायचे नाहीत. वडिलांच्या हातच्या जुन्या मऊ धोतराचा तुकडा घ्यायचे, रेकॉर्डवरून गोल फिरवायचे आणि त्यावर आलेला पिवळा डाग त्या माणसाला दाखवायचे. धरमपेठेतल्या एका प्राध्यापिकाबाईंनी एकदा रेकॉर्ड धुऊन आणली होती. धकातेजींनी ती हुंगली आणि फक्त एवढंच विचारलं, "बाई, हे अंगाचं साबन हाय की कपड्याचं?"

टेपा ऐकून ऐकून त्यांना उच्चारांचे चोवीसही धडे पाठ झाले होते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, बोलणं अस्सल नागपुरी, पण मधूनच टेपेतला विलायती साहेब अंगात यायचा. भर मे महिन्यात लायब्ररीतले पंखे गरम वारा फेकत असताना ते दारात उभे राहून अत्यंत शुद्ध उच्चारात म्हणायचे, "द वेदर इज रादर प्लेझंट धिस मॉर्निंग." मग लगेच, "अंदर या सर, लू लागून जाईन."

आता मी इंग्रजीचा अधिव्याख्याता. माझा उच्चार त्यांच्या पासंगालाही पुरत नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. दोघंही सभ्य माणसं असल्यामुळे आम्ही तो विषय टाळत होतो.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. माणूस कडक आहे, नियमाचा आहे, असं म्हणता आलं असतं. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. वस्तू परत यायची तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धकातेजी स्वतः सायकल घेऊन त्या माणसाच्या फाटकाशी हजर. ग्रंथपालांचा तसा हुकूम नव्हता. उलट, नेणाऱ्यानं आणून द्यावं, असं नियमात छापलेलंच होतं. बरं, येऊन बोलायचे काय, तर, "वाट पाहून राह्यलो होतो, म्हनलं आपनच जावं." रागावणं नाही, टोमणा नाही. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत ओला टॉवेल गुंडाळलेला पत्र्याचा डबा, आणि परत जाताना त्यात रेकॉर्ड. आमच्याकडे नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला की उन्हात नेलेल्या रेकॉर्डचा पापड होतो, म्हणून हा बंदोबस्त.

खुद्द प्राचार्यांच्या बंगल्यावर ते ओळीनं नऊ दिवस रोज सकाळी गेले होते. नवव्या सकाळी प्राचार्यांनी पलंगाखालून रेकॉर्ड काढली आणि स्वतः कॉलेजात घेऊन आले. स्टुलावर बसले. दोन्ही बाजू होईपर्यंत बसले. मी काचेतून पाहिलं, प्राचार्य डुलले आणि दचकले.

कडक माणूस दारोदार का जातो, याचं आम्हाला भारी कुतूहल. देशकर म्हणायचे, चहासाठी. पण हा तर्क टिकेना, कारण धकातेजी कुणाकडे चहा घेत नसत. पाणीसुद्धा नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, "नको जी. पाहुना नाही मी, लायब्ररीचा मानूस हाय." ग्रंथपालांच्या मते त्यांना लोकांची घरं बघायची हौस होती. पण ते फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. मग काय? मी एकदोनदा विचारूनही पाहिलं. ते विलायती साहेबाला बोलावून हवामानाबद्दल बोलले.

हे कोडं सुटलं ते माझ्यावर स्टुलाची पाळी आली तेव्हा.

झालं असं. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. प्रताप नगरात दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मी उच्चार सुधारायचे म्हणून सातवा ते दहावा धडा असलेली टेप आणि एक टेपरेकॉर्डर घरी आणला. साहेब एक वाक्य म्हणतो, मग आपण म्हणायचं. मला वाटलं, आपला आवाज भरून घ्यावा आणि ताडून पाहावा. त्यासाठी कोरी टेप विकत आणली. नववा धडा सुरू झाला आणि मी कोरी टेप लावायची विसरून तशीच लाल कळ दाबली. साहेबाच्या टेपेवरच माझा आवाज भरला जायला लागला. तेवढ्यात कुंदा, माझी बायको, आत आली. तिला एका मुलींच्या शाळेतून नेमणुकीचं पत्र आलं होतं. होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा होता. आमचं भांडण झालं. ती आत गेली. काही वेळानं माझी नजर टेबलावर गेली, तर कोऱ्या टेपेचं पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा वर्ध्याला माहेरी गेली. "चार दिवस जाऊन येते," म्हणाली. चाराचे अठरा झाले. गेली तशी येईल, म्हणून मी बसून होतो. शेजारी विचारत तेव्हा तिच्या आईला बरं नाही म्हणून सांगत होतो. महिना संपायला तीन दिवस उरले होते आणि त्याच दिवशी टेपेची तारीख होती.

मी पुष्कळ विचार केला. तेवढा भाग पुसावा, तर कोरी जागा धकातेजींना सापडणार. टेप हरवली म्हणावं, तर ते घरभर शोधायला मदत करतील. आणि पुसायची म्हणजे आधी ऐकायला हवी, तो धीर मला होत नव्हता. शेवटी जे व्हायचं ते होवो म्हणत जिन्याखालच्या खोलीत गेलो आणि स्टुलावर बसलो.

सातवा धडा झाला. आठवा झाला. धकातेजी टेपेच्या कडेवर हलकेच बोट ठेवून डोळे मिटून ऐकत होते. माझ्या शर्टाची पाठ भिजली होती. नववा धडा सुरू झाला, साहेब बोलला, कळ दाबल्याचा आवाज आला, आणि माझा आवाज म्हणाला, "द वेदर इज रादर प्लेजंट." धकातेजींनी एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या मनानं पुन्हा मिटला.

मग दाराचा आवाज. मग कुंदा. "अहो, शाळेचं पत्र आलं. होकार कळवायला सांगितलाय. जरा ऐकता का?"

"ऐकायचं काय त्यात? तुला नोकरीची गरजच काय पण?"

धकातेजींनी टेपेवरचं बोट उचललं. उठले. कोपऱ्यातली सुरई घेतली. ती भरलेली होती, मी आल्या आल्या तिच्यातलंच पाणी प्यायलो होतो. त्यांनी ती खिडकीतून बाहेर ओतली आणि म्हणाले, "पानी भरून आनतो सर. तुमी ऐका. मधात बंद नका करू, सही व्हायची हाय." आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

ज्या माणसानं प्राचार्यांच्या रेकॉर्डची दुसरी बाजू सोडली नव्हती, तो माझी टेप अर्ध्यावर सोडून गेला होता.

मी ऐकली. भांडण अकरा मिनिटं चाललं होतं. कुंदा चार वेळा म्हणाली होती, "आधी ऐकून तर घ्या." एकदाही तिचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नव्हतं. देवाशपथ सांगतो, घडलं तेव्हा त्या चारांतलं एकही माझ्या कानावर पडलेलं नव्हतं. शाळा कुठली, वर्ग कुठला, हेसुद्धा ती सांगू पाहत होती आणि मला त्या स्टुलावर पहिल्यांदा कळत होतं. मग ती आत गेल्याचा आवाज. आत ट्रंक ओढल्याचा आवाज. आणि त्याच्यावर, अगदी जवळून, स्पष्ट, माझा. मी पुन्हा सराव सुरू केला होता. "द वेदर इज रादर प्लेजंट धिस मॉर्निंग." आत ट्रंक भरली जात होती आणि मी हवेची तारीफ करत होतो. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

साहेबानं दहावा धडा सुरू केला तसं दार उघडलं आणि धकातेजी सुरई घेऊन आत आले. टेप संपेपर्यंत ऐकली. रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'पूर्ण ऐकली.'

"तुम्ही कुठं पूर्ण ऐकली?" मी म्हणालो.

"तुमी ऐकली नं."

मग त्यांनी ड्रॉवरमधून पातं काढलं. मधली अकरा मिनिटं नेमकी कापली, दोन्ही टोकं तिरपी छाटली, एकमेकांवर ठेवली आणि चिकटपट्टी लावून अंगठ्यानं दाबली. मागावर तुटलेला धागा त्यांचे वडील असाच सांधायचे म्हणे, हात लावला तरी गाठ लागायची नाही. कापलेला भाग बोटाभोवती गुंडाळून तंबाखूच्या रिकाम्या डबीत घातला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हे आमचं नाही सर. तुमचं तुमी न्या."

"आणि नववा धडा?"

"मले पाठ हाय. कोनी मांगतला तर म्हनून दाखवीन."

मला हसू आलं नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तेच जुनं विचारलं. "धकातेजी, तुम्ही लोकांच्या घरी स्वतः का जाता? नेणारा आणून देईल की."

या वेळी साहेब आला नाही. ते डबीचं झाकण लावत, काढत, पुन्हा लावत राहिले.

"मी बी असंच म्हनत होतो. ज्यानं नेलं त्यानं आनावं. माही मंडळी उमरेडची. मागावर तिचा हात माह्याहून चांगला. मी नोकरीवर लागलो तसं म्हनलं, आता माग बंद, बाबूच्या बायकोनं विनाचं नाही. भांडन नाही झालं आमचं. ती काही बोललीच नाही. माहेरी गेली, भावाच्या मागावर बसली. मी म्हनलं, गेली तशी येईन." त्यांनी झाकण घट्ट दाबलं. "गेलं तसं कोनी येत नसते सर."

"मग तुम्ही गेलात की नाही?"

"गेलो नं. तीन साल झाल्यावर गेलो. तिनं पाट देल्ला, पानी देल्लं. बसा म्हनली. मंग चहा देल्ला, बशीत दोन बिस्किटं. इकडचं कसं हाय, पाऊस कसा हाय, इचारलं. पाहुन्याले इचारते तसं. चहा पेऊन आलो वापस." डबी माझ्या हातात देऊन ते उठले आणि टेप खोक्यात ठेवायला लागले. माझ्याकडे पाठ होती. "वर्ध्याची गाडी सकाळी साताले सुटते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सातच्या एस.टी.त मी होतो. बुटीबोरी येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो, आणि पुढे वर्ध्यापर्यंत ती एकेक विसरत गेलो. सासऱ्यांच्या दारात कुंदाच उभी होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बसा. चहा करते."

चहा आला. बशीत बिस्किटंही होती. मी कपाला हात लावला नाही. म्हटलं, "शाळेचं काय ते आधी सांग." तिला वाटलं मी पुन्हा वाद घालायला आलोय. तिनं ताडताड बोलायला सुरुवात केली. शाळा, वर्ग, पगार, माझा स्वभाव, माझ्या आईचा स्वभाव, दीड वर्षातलं एकूण एक. मी बाजेवर बसून होतो. पाऊण तास झाला असेल. मधात एकदाही बंद केलं नाही. आदल्या दिवशीचं स्टूल कामी आलं. सगळं बोलून झाल्यावर तिनं कपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "निवला नं तो. असाच बसून राहिलात. द्या इकडे, गरम करून आणते." तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. होकाराचं पत्र आम्ही वर्ध्याच्याच पोस्टात टाकलं.

धकातेजी मला वर्ध्याला काय झालं ते विचारणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मीच सांगितलं. ते "हाव का," म्हणाले आणि रेकॉर्ड पुसत राहिले. घरी कुंदाला उमरेडची गोष्ट सांगितली तेव्हा ती आधी म्हणाली, "म्हणजे मी काय रेकॉर्ड आहे, आणायला यायला?" मग तीच गोष्ट तिनं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

त्या सुट्टीत मी मुद्दामच एक रेकॉर्ड आणली आणि तारीख उलटू दिली. नवतपा लागला होता. सहाला यायचे ते धकातेजी त्या दिवशी सायकल पंक्चर झाल्यामुळे साडेदहाला आले, पायी, सायकल ढकलत. मी फाटकाशी जाऊन चहाचं विचारलं. "नको जी, पाहुना नाही—" त्यांनी सुरुवात केली, तेवढ्यात मागून कुंदा आली.

"पाहुणे नाही तर मग फाटकात काहून उभे आहात? या उन्हात डोक्याला दुपट्टा नाही, खिशात कांदा नाही. लू लागली म्हणजे? चला आत. चपला तिथं नका काढू, चटका बसेल."

धकातेजी माझ्याकडे पाहायला लागले. मी आभाळाकडे पाहिलं. ते पिशवीतला डबा घेऊन आत आले.

कुंदानं कूलरसमोरची खुर्ची दाखवली. चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत, ती स्वयंपाकात गुंतली होती. धकातेजींनी एक घोट घेतला. कप हातात धरून बराच वेळ बसले. मग हळूच, जिन्याखालच्या खोलीत मी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, साखर कमी हाय."

"माझे हात कणकेत आहेत," कुंदा आतून म्हणाली. "दुसऱ्या फळीवर निळा डबा आहे. उठा आणि घ्या."

धकातेजी उठले. आत गेले. फळीवरून डबा काढल्याचा, झाकण उघडल्याचा आणि चमचा कपात फिरल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. चमचा गरजेपेक्षा पुष्कळच जास्त वेळ फिरत होता. चहा त्यांनी स्वयंपाकघरातच उभ्यानं संपवला, कुंदाकडून दुपट्टा घेतला, आणि सायकल ढकलत निघून गेले.

बाराला मी बाहेरच्या खोलीत आलो, तर रेकॉर्ड टेबलावर तशीच होती. शेजारी ओल्या टॉवेलात गुंडाळलेला डबाही.